गाडी मेकअप करते तेव्हा

मिरजेच्या फलाटावर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. गाडी चाळीस मिनिटं लेट. बाकावर बसलेले एक काका, रोजच्या जाण्यायेण्यातले असावेत, पेपरातून डोकं वर न काढताच म्हणाले, "काळजी नको, पुढं मेकअप करती ती." माझी भाची तेव्हा दुसरीत होती. तिनं माझी ओढणी ओढली. "मावशी, गाडीपण मेकअप करते?"

काका हसले, मीही हसले. म्हटलं, "अगं, उशीर झालाय ना, तो भरून काढते." तिचं समाधान झालं नाही. "मग त्याला मेकअप का म्हणतात? मेकअप तर लिपस्टिकला म्हणतात." तेवढ्यात गाडी आली आणि सामान चढवायच्या गडबडीत प्रश्न सुटला. सुटला म्हणजे निसटला. उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते. 'मेक अप' हे क्रियापद आठवड्यातून चार-पाच वेळा तरी समोर येतं आणि दर वेळी वेगळा वेष घालून येतं. कुणी सबब 'मेक अप' करतं, कुणी मन 'मेक अप' करतं. भांडलेले दोघं 'मेक अप' करतात. सात जण मिळून समिती 'मेक अप' करतात. पाहुण्यांसाठी अंथरूण 'मेक अप' होतं, औषधाची बाटली 'मेक अप' होते, बुडालेला तास 'मेक अप' होतो. 'मेक' म्हणजे करणे आणि 'अप' म्हणजे वर, हे पहिलीतल्या पोरालाही येतं. पण दोन्ही एकत्र आले की शब्दार्थाचा हिशेब जुळत नाही. 'वर करणे' म्हणावं तर यातलं कुणीच काही वर करत नाही.

क्रियापदामागे एक चिमुकला शब्द लागतो आणि अर्थ भलतीकडेच जातो, या प्रकाराला इंग्रजीत 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. आपल्याकडे शिकवणीतही हेच नाव चालतं, म्हणून मीही तेच वापरते. हे नाव तसं अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली ते छापलं आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं सांगितलं. डोकेदुखी मात्र जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सननी १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं होतं की परक्या माणसाला आमच्या भाषेत सगळ्यात जास्त त्रास होतो तो या जोड्यांचा. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे, आणि त्याचा अर्थ दिलाय नक्कल करणे. विमानं यायला अजून दीडशे वर्षं होती.

परक्यांना त्रास होतो खरा, पण आपण आपल्या अंगणात बघितलं तर? मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला 'काढणे' समजावून सांगून बघा. आपण चित्र काढतो, कर्ज काढतो, झोप काढतो, विषय काढतो. एखाद्याची खोडी काढतो आणि तो रुसला की समजूत काढतो. दात काढतो तो हसतो. पण दात काढणारा डेंटिस्ट असेल तर समोरचा हसत नाही. 'तुझ्यासाठी वेळ काढला' म्हणजे कामातून सवड केली, आणि 'कसाबसा वेळ काढला' म्हणजे जात नव्हता तो ढकलला. यातल्या एकाही ठिकाणी आपण अडखळत नाही, कारण काय काढलं ते ऐकलं की अर्थ आपोआप लागतो. 'मेक अप'चं कुलूप याच किल्लीनं उघडतं. नुसतं 'मेक अप' म्हणजे काय, हा प्रश्न नुसतं 'काढणे' म्हणजे काय विचारण्यासारखाच. आधी विचारायचं, काय मेक अप केलं?

तरीही सगळ्या अर्थांच्या तळाशी काही समान आहे का, हे बघण्याचा मोह सुटत नाही. माझ्या मते आहे, आणि ते 'मेक'पेक्षा 'अप'मध्ये दडलंय. इंग्रजीत 'अप' दिशा दाखवतो तसाच 'संपेस्तोवर, पुरतं' हेही दाखवतो. आई पोराला 'ईट' म्हणते तेव्हा ती जेव म्हणते, 'ईट अप' म्हणते तेव्हा ताटातलं संपव म्हणते. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. 'क्लीन अप' म्हणजे स्वच्छ करून टाकणे. बघा, भाषांतर करताना 'टाकणे' आपोआप आलं. खाऊन टाक, पिऊन टाक, सांगून टाक. शाळेच्या व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात, आणि त्यातल्या 'टाक'नं कुणी काही फेकत नाही, तसंच 'ईट अप'मधल्या 'अप'नं कुणी काही वर नेत नाही. दोघं एकच काम करतात, कृती तडीस नेतात. आपलं 'टाक' जरा जास्तच बोलतं. 'देऊन टाक' मध्ये 'एकदाचं' असा सुस्काराही ऐकू येतो आणि 'देऊन ठेव' म्हटलं की लगेच दुसरी छटा. इंग्रजीचा 'अप' बिचारा त्या मानानं अबोल.

'मेक अप'चा गाभा असा धरा: कमी आहे ते घालून पुरं करणे. हा अर्थ अगदी निखळ स्वरूपात मला एका भलत्याच ठिकाणी सापडला. आमच्या शेजारी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना ही फलाटावरची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "आम्ही तर आयुष्यभर बॉयलरला मेकअप देत आलो." औष्णिक वीज केंद्रात बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, थंड होऊन परत पाणी होते आणि पुन्हा बॉयलरमध्ये जाते. या फेऱ्यात थोडं पाणी गळतं, थोडं मुद्दाम सोडून द्यावं लागतं, नाहीतर त्यात क्षार साचत जातात. कूलिंग टॉवरमधून तर पाणी सतत हवेत उडत असतं. जेवढं गेलं तेवढं नव्यानं घालायचं. त्या पाण्याला 'मेकअप वॉटर' म्हणतात, आणि बॉयलरपाशी नुसतं 'मेकअप'. तिथं लिपस्टिकचा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

फलाटावरच्या काकांचा मेकअप याच जातीचा. गाडीचे चाळीस मिनिट कमी पडलेत, ते पुढं घालायचे. गाडीला हे जमतं ते नुसत्या वेगानं नाही. वेळापत्रक आखतानाच मोठ्या स्टेशनाच्या अलीकडच्या टप्प्याला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ राखून ठेवलेला असतो. म्हणून वेळेवर आलेली गाडी शेवटच्या सिग्नलला उगीच ताटकळते आणि उशिरा निघालेली गाडी उशीर खाऊन टाकते. हेच अमेरिकेतल्या कॉलेजात 'मेकअप एक्झाम'. आजारी पडून परीक्षा चुकली, तर नंतर घेतात ती. इथून नव्यानं गेलेल्या मुलांना असं पत्र आलं की क्षणभर गोंधळ होतो, कारण आपल्या डोक्यात पुरवणी परीक्षा म्हणजे नापासांची.

पैशांतही तेच. गणपतीच्या वर्गणीचे हिशेब आठवा. मांडवाचे एवढे, स्पीकरचे एवढे, प्रसादाचे एवढे, जमा झाले त्याहून बाराशे कमी. खजिनदार गप्प बसतो आणि खिशातून भरतो. इंग्रजीत, 'ही मेड अप द डिफरन्स'. मराठीत त्यानं पदरमोड केली, पदरचे घातले. आता गंमत बघा. तोच खजिनदार दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मिरवणुकीचं वर्णन करतो, त्यात थोडं झालेलं आणि बरंचसं न झालेलं, तेव्हाही आपण म्हणतो, "पदरचं घालून सांगतोय." पैसे कमी पडले तिथं पदरचं घातलं आणि गोष्ट कमी पडली तिथंही पदरचंच घातलं. इंग्रजीत दोन्हीकडे 'मेक अप'. दोन भाषांचा एकमेकींशी काही करार झालेला नसताना त्या एकाच वाटेनं गेल्या, हे लक्षात आलं त्या दिवशी मी हातातलं काम बाजूला ठेवून चहा केला.

गोष्ट 'मेक अप' करण्याच्या अर्थाकडे आलोच आहोत, तर तिथं थोडं थांबू. 'शी मेड अप ॲन एक्स्क्यूज' म्हणजे तिनं सबब रचली. 'रचणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण भांडी एकावर एक रचतो, गोठ्यात गवताच्या पेंढ्या रचतो, मडक्यांची उतरंड रचतो. आणि कविता रचतो, कट रचतो, कुभांड रचतो. एकावर एक ठेवत उभं करणे आणि मनातून नवं उभं करणे, दोन्ही एकाच क्रियापदात. 'मेक अप'मधला 'अप' इथं मला उतरंडीसारखा दिसतो. तुकडा तुकडा ठेवत उभी केलेली गोष्ट.

पण 'मेक अप' दर वेळी खोटेपणाचा आरोप नसतो, आणि भाषांतरात इथंच घोटाळा होतो. 'माय ग्रँडमदर मेड अप स्टोरीज फॉर अस' या वाक्यात आजी थापाडी नाही. ती पुस्तकात नसलेल्या गोष्टी मनानं रचून सांगायची, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात तिचं कौतुक आहे. उलट 'यू आर मेकिंग दॅट अप!' म्हणजे 'काहीतरीच काय, मनचं सांगतोयस!' कौतुक की आरोप हे कोण कुणाला म्हणतंय यावरून ठरतं. मराठीत आपल्याला निवडीला भरपूर वाव आहे: थाप मारणे, पुडी सोडणे, बनाव रचणे, मनचं सांगणे, पदरचं घालणे. पोलीस ठाण्यात 'बनाव' लागतो, कट्ट्यावर 'पुडी' पुरते. एकाच 'मेक अप'साठी सगळीकडे 'बनवणे' घातलं की वाक्य बेचव होतं.

'तयार करून पुरं करणे' हा अर्थ जुन्या धंद्यांमधून दिसतो. लहानपणी आमच्या डॉक्टरांकडे लाकडी खिडकीमागं कंपाउंडर बसायचे. चिठ्ठी आत गेली की ते दोन-तीन मोठ्या बाटल्यांतून थोडं थोडं ओतायचे, वर पाणी घालून आपल्या बाटलीच्या गळ्यापर्यंत आणायचे, बूच लावायचे आणि बाटलीला कडेनं कात्री मारलेली कागदाची पट्टी चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. गुलाबी, कडू, आणि वास अजून नाकात आहे. इंग्लंडमध्ये या कामाला 'मेक अप अ प्रिस्क्रिप्शन' म्हणतात. आपण नुसतं 'औषध करून दिलं' म्हणायचो.

छापखान्यातही हेच. खिळे जुळवून झाले, आता मजकूर, मथळे, चित्रं पानावर बसवून पान पुरं करायचं. तो 'पेज मेकअप'. मराठी वर्तमानपत्रांत याला 'पान लावणे' म्हणतात. खिळे जाऊन संगणक आले, तरी रात्री उपसंपादक 'पान लावून निघतो' असंच म्हणतो. मला विचाराल तर मूळ शब्दाहून हा चांगला आहे. जेवणाचं पान आणि पेपरचं पान, दोन्ही लावायचीच.

आणि आता लिपस्टिक. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर रंगभूमीवर आहे. इंग्लंडमधला नट भूमिकेसाठी स्वतःला 'मेक अप' करायचा, म्हणजे केस, दाढीमिशी, रंग, पोशाख सगळं लावून ते पात्र उभं करायचा. आजही 'मेड अप ॲज ॲन ओल्ड मॅन' म्हटलं की त्यात सुंदर दिसण्याचा काही संबंध नसतो. तो म्हाताऱ्याचं सोंग घेऊन आलाय, एवढंच. पुढं हा शब्द चेहऱ्यापुरता आक्रसला, मग नटाच्या पेटीतून निघून घराघरांत गेला, आणि क्रियापदाचं नाम झालं. आपल्याकडे आला तो या शेवटच्या टप्प्यावर. आपल्या नाटकवाल्यांकडे रंगभूषा होती, 'तोंडाला रंग लावणे' होतं, रंगपट होता. तरी 'मेकअप' आला आणि राहिला. एवढा रुळला की बोलताना त्याचा 'मेकप' झाला.

थोडक्यात, आपण मराठीत घेतलेला मेकअप हा त्या भल्यामोठ्या झाडाची एक फांदी आहे आणि आपल्याला ती झाड वाटते. म्हणून गाडीच्या मेकअपचं हसू येतं.

कानानं हे दोन वेगळे ओळखता येतात. नाम असेल तर इंग्रज 'मेक'वर जोर देतो, क्रियापद असेल तर 'अप'वर. लिहिताना नाम जोडून, क्रियापद तोडून. चेहऱ्याला लावतात तो 'मेकअप', सबब रचतात ते 'मेक अप'. आणि मेकअप 'मेक' करत नाहीत. इंग्रजीत तो 'डू' करतात, 'पुट ऑन' करतात, 'वेअर' करतात. 'आय मेड मेकअप' हे आपलं 'मेकअप केला' जसंच्या तसं उचलून झालेलं वाक्य आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, तुमचा पावडरीचा कारखाना आहे.

दुसरी चूक याहून जास्त होते, आणि चांगलं इंग्रजी बोलणारेही करतात. 'आय हॅव मेड माय माइंड.' इथं 'अप' गळला. 'मेड अप माय माइंड' किंवा 'मेड माय माइंड अप' हवं; अपशिवाय वाक्य लंगडं. हा गळतो कारण आपल्या मनात कुठंतरी हिंदीतलं 'मन बना लिया' वाजत असतं. त्याचंच पिल्लू म्हणजे हल्ली ऐकू येणारं 'मी मन बनवलंय'. मन काय लाडू आहे बनवायला? मराठीत मनाशी ठरवतात, मनाचा हिय्या करतात, आणि बायको वैतागून म्हणते, "एकदा काय ते ठरव बाबा!" हे शेवटचं वाक्य म्हणजे 'मेक अप युवर माइंड'चं अचूक मराठी. त्यातला 'एकदा काय ते' म्हणजेच तो 'अप'.

भांडणानंतरचं 'मेक अप' लहान मुलांना आपसूक कळावं. कट्टी झाली होती, बट्टी झाली. 'दे मेड अप' एवढ्यावर वाक्य संपतं, पुढं कर्माची गरज नाही. कुणाशी ते सांगायचं असेल तर 'मेड अप विथ हिम'. आपल्या कॉलेजांत मात्र 'ब्रेकअप'च्या पाठोपाठ 'पॅचअप' होतं. इंग्रजीत 'पॅच अप' आहे, भांडणालाही वापरतात, पण तिथं ते ठिगळ लावल्यासारखं, वरवरचं वाटतं. 'त्यांचं पॅचअप झालं' हे नाम म्हणून वापरणं ही आपली भर. मोठ्या माणसांसाठी 'समेट', 'दिलजमाई' हे शब्द आहेत, पण ते पक्षांच्या युतीत इतके वापरले गेलेत की नवराबायकोंसाठी लिहिताना हात थबकतो. तिथं मी 'पुन्हा गोडी झाली' लिहिते.

बातम्यांत सगळ्यात जास्त दिसतो तो घटकांचा अर्थ. 'नायट्रोजन मेक्स अप ७८ पर्सेंट ऑफ द एअर.' याचं 'नायट्रोजन हवेचा ७८ टक्के भाग बनवतो' असं मराठी छापून आलेलं मी स्वतः वाचलंय. नायट्रोजन काही बनवत नाही. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन असतो. झालं. 'समिती सात सदस्यांची बनलेली आहे'ऐवजी 'समितीत सात जण आहेत'. इंग्रजी लिहिताना उलटी काळजी घ्यायची. खेळाडू संघ 'मेक अप' करतात, संघ खेळाडूंना नाही; संघापासून सुरुवात करायची तर 'इज मेड अप ऑफ' असं फिरवावं लागतं. आणि संघात कुणी नुसता आकडा भरायला घेतलेला असेल, तर तो 'मेक्स अप द नंबर्स'. मोठ्यांत असेल तर आपण खोगीरभरती म्हणतो, पोरांत असेल तर लिंबूटिंबू. खोगीर म्हणजे घोड्याचं जीन, त्यात कोंबलेला भुसा म्हणजे भरती. कमी आहे ते काहीबाही घालून पुरं करणे. पुन्हा तोच गाभा, फक्त आपण तो थट्टेनं सांगितला.

व्याकरणातला एकच नियम मनात ठेवण्याजोगा आहे. कर्म पूर्ण शब्द असेल तर ते 'अप'च्या आधी आणि नंतर कुठंही बसतं: 'मेक अप अ स्टोरी', 'मेक अ स्टोरी अप'. पण कर्म 'इट', 'देम' असं सर्वनाम असेल तर ते मध्येच बसलं पाहिजे: 'शी मेड इट अप'. 'शी मेड अप इट' म्हटलं की कान टवकारतात. जोडीच्या मध्ये छोटा शब्द घुसणं आपल्यालाही नवीन नाही. 'भरून कसं काढणार?', 'करून तरी टाक' असं आपण रोज म्हणतोच. मात्र भरपाईच्या अर्थानं 'मेक अप फॉर' आलं, तर 'फॉर' अपला घट्ट धरतो आणि सर्वनाम बाहेर जातं: 'मेक अप फॉर इट'.

संस्कृत शिकलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. 'हृ' हा एकच धातू. त्याला 'प्र' लागला की प्रहार, 'आ' लागला की आहार, 'वि' लागला की विहार, 'सम्' लागला की संहार. शाळेत पाठ केलेल्या त्या श्लोकात म्हटलंय तसं उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेतो. फरक एवढाच की संस्कृतातला उपसर्ग पुढून ओढतो, इंग्रजीचा शेपटाकडून. जुनी इंग्रजीही पुढूनच ओढायची. 'अंडरस्टँड', 'ओव्हरकम' या त्या काळच्या खुणा. पुण्यामुंबईत जर्मनचे वर्ग करणाऱ्यांना तर ही कसरत माहीतच आहे. तिथं मूळ क्रियापदात तुकडा पुढं चिकटलेला असतो आणि वाक्यात घातला की तोच तुकडा उठून पार शेवटी जाऊन बसतो.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, तिच्यामागून आणि पुढं थेट लॅटिनमधूनही भारदस्त शब्द आले. त्यामुळे आज 'मेक अप'च्या जवळजवळ प्रत्येक अर्थाला एक कोटटायवाला भाऊ आहे. भरपाईला 'कॉम्पेन्सेट', रचण्याला 'फॅब्रिकेट', घटकांना 'कॉन्स्टिट्यूट', समेटाला 'रिकन्साइल'. आपल्याकडे 'भरून काढणे' आणि 'क्षतिपूर्ती' यांत जे अंतर आहे, तेच त्यांच्यात. कागदावर एक, घरात दुसरं. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो म्हणून भारदस्त भाऊ आधी भेटतो, आणि मग मित्राशी बोलतानाही तोंडातून 'रिकन्साइल' येतं. चूक नाही, पण लग्नाच्या पंगतीत 'भोजन ग्रहण करा' म्हटल्यासारखं वाटतं.

लिव्हरपूलकडे कुणी 'आय ॲम मेड अप' म्हणालं तर त्याला रचलेलाही समजू नका आणि रंगवलेलाही. तो फक्त भयंकर खूश आहे.

राहता राहिला तो 'आय विल मेक इट अप टू यू'. गेल्या वर्षी एका मालिकेची मराठी उपशीर्षकं करताना तो आला. बाप मुलीच्या शाळेच्या नाटकाला पोचू शकत नाही. रात्री तिच्या खोलीच्या दारात उभा राहून हे वाक्य म्हणतो. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी आधी लिहिलं, 'मी याची भरपाई करीन'. वाचलं आणि विमा कंपनीचा माणूस दारात उभा दिसला. मग 'मी हे भरून काढीन'. जरा बरं, पण असं कुठला मराठी बाप म्हणतो? आमच्या घरात तरी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. आपल्याकडे अशा वेळी बाप आधी दारात घुटमळतो, जेवलीस का विचारतो, आणि पुढचं काहीतरी ठोस सांगून टाकतो. पडद्यावर जागा दोन ओळींची होती. शेवटी लिहिलं, 'चुकलंच माझं. पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसतो.' तपासणाऱ्यानं शेरा मारला, मूळ वाक्यात पहिली रांग नाही. मी उत्तर पाठवलं, ती मी पदरची घातलीय.